शेवटची भूक

"ताई, शेजारच्या आजींच्या डब्यात थालीपीठ आहे, पैजेवर सांगतो," खाटेवरचा निनाद कुजबुजला. दुपारच्या ऑपरेशनसाठी तो सकाळपासून उपाशी होता.

शलाकालाही वास आला, पण तेवढंच. जठराच्या पेशींच्या अंगावर साखर जडलेलं एक प्रथिन असतं. ते पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. आईकडून आलेल्या दोषामुळे या भावंडांत ते अधू होतं. ती पकड सुटली की पेशी पांगतात आणि कर्करोग होतो. आई आणि मामा तसेच गेले. म्हणून दोन वर्षांपूर्वी, काही व्हायच्या आधीच, शलाकानं अख्खं जठर काढून घेतलं. आज धाकट्या भावाची पाळी होती.

तेव्हापासून घड्याळ वाजलं की ती चार घास खायची. भूक मात्र तिला पुन्हा कधी लागली नव्हती.

"खूप दुखेल का गं?"

"थोडं. ते जाऊ दे. भूक लागलीय?"

"लागलीय म्हणजे? पोटात कावळे ओरडतायत!"

"तसं नको. नीट सांग. कुठे लागते?"

तो हसायला लागला, आणि तिचा चेहरा पाहून थांबला. त्यानं बरगड्यांखाली तळहात ठेवला. "इथे. आधी पोकळ वाटतं. मग आतून कुणी हळूच पिळल्यासारखं."

तिच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. खायची वेळ झाली होती. तिनं न बघताच ते बंद केलं आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"मग?" ती म्हणाली. "अजून सांग ना."