अर्ध्या कानाचं मांजर

मांजर भिंतीवरून चालत आलं आणि बरोबर तिच्यासमोर थांबलं. त्याचा डावा कान अर्धाच होता.

ते तिच्या घरचं मांजर होतं. शेजारच्या बोक्याशी भांडताना त्याचा कान गेला होता. गेल्या वर्षी याच डिजिटल कलासंस्थेत नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा चाचणी म्हणून तिने ते संगणकावर काढून चालवलं होतं. नुसता व्हिडिओ पाठवला तर चालेल का, असं फोनवर विचारलंही होतं. पलीकडून एका बाईंचा मायाळू आवाज आला होता, "अगं, लेयरसकट पाठव. आणि मनापासून कर हं." लेयरसकट म्हणजे पाय वेगळे, शेपूट वेगळी, कान वेगळा. कुणीही उघडावं आणि हवं तसं नाचवावं. तिने पाठवलं. पुढे ना हो, ना नाही.

आज पुन्हा अर्ज करून ती मुलाखतीला आली होती, आणि ते संस्थेच्या भिंतभर पडद्यावर हिंडत होतं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मागे मागे जात होतं. खाली ठळक अक्षरात संचालकांचं नाव होतं.

"आमची ओळख आहे ही," मागून संचालकच म्हणाले. मुलाखत तेच घेणार होते. च्युइंगम चघळत त्यांनी ओल्या बोटाने पडद्यावरच्या कानाला टिचकी मारली. "अर्ध्या कानाची कल्पना मला अंघोळ करताना सुचली."

"सर, हे मांजर आमच्या घरचं आहे."

ते खळखळून हसले. "सगळ्यांना अस्संच वाटतं! तेच तर आमचं यश आहे."

असला निर्लज्जपणा तिने जन्मात पाहिला नव्हता. आणि त्याहून किळसवाणं म्हणजे, माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. हातातली कॉफी त्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर ओतावी आणि चालू पडावं, असं तिला वाटलं. पण चालू पडून जायचं भावाच्याच घरी. वहिनी हल्ली तिचं ताट वाढताना भांडी जरा जास्तच आपटायची. भाऊ मान खाली घालून जेवत राहायचा, ते जास्त लागायचं.

"तुमचं काम पाहिलं," संचालक म्हणाले. "आमची शैली छान उचललीय. तशी नक्कलच, पण शिकाल हळूहळू. उद्यापासून या."

"येते," ती म्हणाली, आणि तिला स्वतःच्या तोंडाचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला मांजरासमोरचं टेबल दिलं. नव्या उमेदवारांच्या चाचण्या आता तिने बघायच्या होत्या. "आधीच्या बाई सोडून गेल्या," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावर मी केलेली फुलपाखरं आहेत ना, त्याही अगदी तश्शीच काढायच्या."

ते गेले आणि टेबलावरचा फोन वाजला. कुणी तरी मुलगी होती, घाबरतच बोलत होती.

"ताई, चाचणीसाठी मी आमच्या आजोबांची सायकल केलीय. नुसता व्हिडिओ पाठवला तर चालेल ना?"

'चालेल' एवढंच म्हणायचं होतं. समोर मांजर बसून तिच्याकडे बघत होतं. काचेच्या दारापलीकडे संचालकांचा पांढरा शर्ट दिसत होता.

"अगं," ती म्हणाली, आणि आवाज कसा अगदी मायाळू निघाला, "लेयरसकट पाठव. आणि मनापासून कर हं."