चार मिलिमीटर

तिने दोन पाकिटं बाबांच्या टेबलावर ठेवली, दातांच्या प्लास्टरच्या साच्यांमध्ये जागा करून.

"यातला कुठला घेऊ? पुढच्या महिन्यात मॅच आहे."

बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. चाळीस वर्षं ते याच टेबलाशी बसून लोकांचे दात घडवत आले होते. पहिलं पाकीट त्यांनी उघडलंही नाही. "हा तयार माउथगार्ड. म्हणजे दुसऱ्याची चप्पल. पळताना गळून पडेल." दुसऱ्यातला काढून बोटांनी वाकवून बघितला, त्याचा वासही घेतला. "हा गरम पाण्यात बुडवून चावायचा. बरा आहे. हा घे."

"आणि तुम्ही केलेला?"

समोरच्या टेबलावर बाबांच्या मदतनीस बाई मशीनवर एक नकली दात घासत होत्या. त्यांचं मशीन थांबलं.

"माझा नको," बाबा पाकीट बंद करत म्हणाले. "एकदा झालंय ना."

एकदा, म्हणजे ती सोळाची असताना. बाबांनी तिला माउथगार्ड करून दिला होता, तरी हॉकीची स्टिक तोंडावर बसून तिचा समोरचा दात गेला होता. बाबांनी तिला नवा दात करून दिला, शेजारच्या दातावर होता तशा पांढऱ्या ठिपक्यासकट. मग शिडी लावून दारावरच्या पाटीवरची 'खेळाडूंसाठी माउथगार्ड' ही ओळ रंग फासून पुसून टाकली.

"मला तुमचाच हवाय."

"ऐकलंत का बाई? छत्तिसाव्या वर्षी हॉकी, आणि वर हट्ट!" पण तोवर ते खण उघडून मापाचा ट्रे शोधायला लागले होते.

गुलाबी पावडर पाण्यात कालवून त्यांनी ट्रे भरला. "आ करा, बाईसाहेब." थंडगार लगदा तिच्या टाळूला चिकटला. ट्रे वर दाबून धरत ते घड्याळाकडे बघत राहिले.

"आता तीन मिनिटं तुला बोलता येणार नाही. तेवढ्यात मी बोलून घेतो." त्यांचा आवाज खाली आला. "त्या वेळी मी गार्डची प्लास्टिकची शीट पातळ घेतली. तुला जड व्हायला नको म्हणून. तीन मिलिमीटर. चूक माझी होती. या वेळी चार घेतो."

तिने नकारार्थी मान हलवली. घशातून नुसता "अं, अं" एवढाच आवाज निघाला.

"हलू नकोस. माप बिघडेल."

तीन मिनिटांनी त्यांनी ट्रे ओढून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "एक बुडबुडा नाही! बघा बाई, बघा." त्यांचा असा चेहरा तिने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

"बाबा..."

"आधी चूळ भर."

ती चूळ भरून आली तेव्हा ते मापात ओतायचं प्लास्टर कालवत होते. प्लास्टर कालवताना बाबांशी बोलायचं नसतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. रविवारी घरी सांगू, असं ठरवून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. "तुमचं काम तयार आहे. सरांनी साचा ओतून ठेवला होता, पुढचं मी केलं."

साचा टेबलावर होता. तिचेच दात, पांढरे आणि कोरडे. तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ४ मि.मी. ते खोडून ५. तेही खोडून पुन्हा ४.

"दिवसभर घोळ घालत होते," बाई म्हणाल्या. "पाचात श्वास कोंडेल, चारात दात जाईल. शेवटी मीच म्हटलं, सर, हॉकी आहे, लढाई नाही."

ती हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

तिने गार्ड तोंडात घातला. दातांवर तो असा बसला, जणू कुणी हात ठेवावा. बाईंनी वाकून कडा तपासल्या. "चावा. टोचतंय कुठे?" तिने मान हलवली. बाईंनी कागदावर दोन खुणा केल्या.

"तुमच्या टीममधल्या बायकांचे फोन आले होते. त्यांनाही असेच हवेत म्हणे. मी त्यांना नकार देणार आहे. सर खेळाडूंचं काम घेत नव्हते. त्यांच्या हातचं तेवढंच एक काम फसलेलं, त्यांच्या मनातून ते गेलं नाही कधी." बाईंनी पेन्सिल उचलली. "आता शेवटची तपासणी. काढू नका. तोंडात ठेवूनच काहीतरी बोला. सर म्हणायचे, ज्यात बोलता येत नाही तो गार्ड तोंडात राहत नाही."

"काय बोलू?"

"काहीही. नाव-पत्ता सांगा."

तिने खिडकीजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. त्यावर बाबांचा एप्रन तसाच होता, खिशात चष्म्याचं फडकं.

"कुणाला नकार देऊ नका, बाई," ती म्हणाली. मग स्टुलाकडे वळली. "बाबा, तुमचा गार्ड चांगला होता. तीनचाच बरोबर होता. मुली हसतील म्हणून मी तो घातलाच नव्हता. सबंध मॅच तो माझ्या मोज्यात होता."

शब्द न् शब्द स्पष्ट आला.