गेल्या वर्षीचं माप

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही टायफॉइडमधून उठून महिना झालाय. डॉक्टर म्हणतात, "आता खुशाल खेळायला जा." पण बघायला येणारं प्रत्येक माणूस तुमच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवतं आणि म्हणतं, "अगंबाई, किती वाळली पोर!"

वैजूचं तसंच झालं. ऐकून ऐकून तिला ते खरंच वाटू लागलं. दोन पायऱ्या चढल्या तरी ती छातीवर हात ठेवून थांबे. आज शाळेत खो-खोच्या संघाची निवड होती आणि ती सकाळपासून पांघरुणात होती. "माझ्यात ताकदच नाही," एवढंच ती आईला म्हणाली.

तेवढ्यात दारावर कासारीण आली. वर्षातून एकदाच येणारी ती. तिला आजाराची खबरच नव्हती. आईने वैजूला उठवून दाराशी आणलं. कासारणीने तिचा पंजा दाबून गेल्या वर्षीच्या मापाची बांगडी सरकवली. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशीच अडली.

"अगं, हात केवढा भरलाय तुझा! हे माप गेलं आता. खातेस तरी काय?"

"बिस्किटं," वैजू म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. मग आपलंच मनगट तिने उलटंपालटं करून पाहिलं.

कासारणीने मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या. वैजूने हात मागे घेतला.

"आत्ता नको, मावशी. मैदानावर फुटतील. संध्याकाळी या," असं म्हणून वेणी घट्ट बांधत ती शाळेकडे पळाली.