जास्तीचे शब्द

पहिल्याच ओळीवर अभिमन्यू सरांचं लाल पेन थांबलं. 'कडूबाई एकतीस वर्षं दररोज दोन कोस पायी चालत शाळेत आल्या.' सरांनी 'पायी' खोडलं आणि समासात लिहिलं, पुनरुक्ती.

"म्हणजे नेमकं काय, सर?" आरोही मॅडमनं विचारलं. ती गणिताची. नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली.

"चालणं पायीच असतं. कुणी डोक्यावर चालतं का? सांगून झालेलं पुन्हा सांगायचं, त्याला पुनरुक्ती म्हणतात. पिवळं पितांबर. पितांबर पिवळंच असतं, मॅडम." सर हे स्टाफरूममधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलले.

पाटोद्याच्या त्या शाळेत निवृत्तीची मानपत्रं बावीस वर्षं सरांनीच लिहिली होती. एका बैठकीत, दहा मिनिटांत. शिपाई कडूबाईंच्या निरोपाला मात्र मुख्याध्यापकांनी ते काम या पोरीला दिलं आणि सरांना म्हणाले, "तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा." तो 'फक्त' सरांच्या घशातून खाली उतरत नव्हता. पोरगी आठवडाभर वही घेऊन कडूबाईंच्या मागं हिंडत होती, तेही त्यांना बघवलं नव्हतं.

'पुन्हा परत' गेलं. 'डोळ्यांतून अश्रू' आले होते, त्यातले डोळे गेले. 'स्वतःच्या हातानं स्वतः' गेलं. अकरा ठिकाणी पुनरुक्ती लिहून झाली तेव्हा कागद पार लाल झाला होता. सरांना मनातून गारगार वाटलं. एवढं छाटल्यावर मानपत्र लंगडणार आणि उद्या सभागृहाला कळणार, या शाळेत लिहिणारा कोण होता ते.

मॅडमनं वाद घातला नाही. "बरं झालं सर, मला हे दिसतच नव्हतं," म्हणाली आणि कागद घेऊन छपाईला गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं मानपत्र वाचायला घेतलं. 'कडूबाई एकतीस वर्षं दररोज दोन कोस चालत शाळेत आल्या. वर्गात चक्कर आलेल्या मुलीला त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी दिली, आणि चारची घंटा वेळेवर दिली. दहावीच्या पेपराला धावत येणारा मुलगा लांबून दिसला, तेव्हा फाटक लावायला त्यांना कुलूप सापडलं नाही.'

सभागृह हसलं. सरांच्या मानपत्रांना लोक खोकायचे, घड्याळ बघायचे. आज कुणी खोकलं नाही. कडूबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

"असं मानपत्र या शाळेत झालं न्हाई," मुख्याध्यापक माईकवर म्हणाले. "एक शब्द जास्तीचा न्हाई." टाळ्या वाजल्या. सरांनीही वाजवल्या. आपल्याच पेनानं आपण हिला वर चढवलं, या विचारानं त्यांच्या जिवाची आग होत होती.

चहाच्या वेळी ते कडूबाईंजवळ गेले. निदान या बाईला तरी कळायला हवं होतं.

"कडूबाई, त्यातलं जास्तीचं सगळं मी काढलं हो. आधी लई पसारा होता."

"तुमीच काढनार, सर. तुमचा हात हाय त्यात." कडूबाईंनी मांडीवरची मानपत्राची फ्रेम सावरली. "आमचं दीर बी ह्याच शाळेत व्हते, त्यांचं मानपत्र तुमीच लिहिलंतं. आमच्या भिंतीवर हाय. शेजारी नवनाथ क्लार्कच्या घरी त्यांचं हाय. नात मला दोनी वाचून दावती."

"हो का?" सर खुलले.

"नाव सोडलं तर दोनी सारकीच हायती. अक्षर न् अक्षर. मला वाटलं, आता मलाबी त्येच यायचं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जे होतं ते सांगत होत्या.

कडूबाईंनी पदरानं फ्रेमची काच पुसली.

"ह्यात मातर मीच हाय, सर," त्या म्हणाल्या. "दुसरं कुनी न्हाई. मीच हाय."