लॉगमधली पहिली नोंद

मी जन्मभर थापा मारल्या. सगळ्यात मोठी सर्व्हरच्या लॉगमध्ये मारली. माझा मित्र रोज सकाळी ऑफिसच्या साइटचा जावा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा. सर्व्हर नीट उठला का, हे वहिनी घरून साइट उघडून तपासायच्या. लॉगमध्ये, म्हणजे साइट कोणी कधी उघडली याच्या यादीत, त्यांची नोंद दिसली की हा चहाला उठायचा. वहिनी गेल्या. तरी हा लॉगमध्ये त्यांना शोधत बसायचा. चहा राहूनच जायचा. मला बघवेना. त्याच्या लेकीला हाताशी धरून मी वहिनींच्या लॅपटॉपला कामाला लावलं: रोज ठीक आठला आपोआप साइट उघडायची. नोंद आली, गडी चहाला उठला. चौथ्या दिवशी कप ठेवत तो म्हणाला, "थापाड्या, रोज आठच्या ठोक्याला? तुझी वहिनी जन्मात कधी वेळेवर आली होती?" तो चहा ढवळत राहिला. "उद्यापासून तिला जरा उशीर होऊ दे."