आडोसा

पहिल्या अंड्यावर आलेली तलंग कोंबडी पुन्हा उठली. पिंजऱ्यातल्या बाकीच्या तिघींना तुडवत या टोकाला गेली, वळली, त्या टोकाला गेली. खाद्याची पाटी हातात धरून विमलाबाई बघत राहिल्या.

निफाडच्या रस्त्याला त्यांच्या शेडचं नाव होतं. कोणी बघायला आलं की त्या ठसक्यात सांगायच्या, "दाणा तोंडापुढं, पाणी चोचीपुढं, वर पंखा. माझ्या कोंबडीला पाय हलवायची गरज नाय."

सकाळी सुनेलाही त्यांनी असंच काहीसं ऐकवलं होतं. स्नेहाला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण आहे, मनमाडला आईकडं जाऊ द्या, एवढंच तिचं मागणं.

"मनमाडला? तुमच्या नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाय. बाळंतिणीला कोरडीच न्हाऊ घालणार का तुझी आई? इथं दवाखाना दारात, गिझर हाय, गादी हाय. कमी काय हाय तुला?"

बाळोत्यांसाठी जमवलेल्या जुन्या साड्यांचं गाठोडं स्नेहानं खिडकीखालून उचललं आणि कपाटामागं नेऊन ठेवलं. काल ते पलंगाखाली होतं.

"खूळ लागलं का गं?" विमलाबाई हसल्या होत्या.

आता तलंग पिंजऱ्याच्या तळाच्या तारेवर बसली. चोचीनं काहीतरी ओढून पोटाखाली घेतल्यासारखं केलं. परत ओढलं. काडी नव्हती, पाचट नव्हतं, नुसती तार. कोपऱ्यात डोकं खुपसायला गेली तर दुसरीनं टोचलं. माहेरी असताना विमलाबाईच टोपलीत पाचट घालायच्या, वर गोणपाट टाकून कोंबडीला आडोसा करून द्यायच्या. त्याशिवाय ती अंडं घालायचीच नाही.

हिनं घातलं. उभ्या उभ्या. अंडं उतरत्या तारेवरून घरंगळत बाहेरच्या पन्हाळीत गेलं. तलंग गोल फिरली, पोटाखाली बघू लागली. परत फिरली.

मुलगा, संघर्ष, ट्रे घेऊन आला. त्यानं पन्हाळीतलं अंडं उचललं.

"आई, खाद्य टाक ना. काय बघती मघापासून?"

विमलाबाईंनी पाटी खाली ठेवली.

"गाडी काढ."

"कुठं जायचंय?"

"आधी घरातले सगळे ड्रम भर, गाडीत चढव. मनमाडला बाळंतिणीला लय पाणी लागंल."