दूध पूर्ण संपलं

"आकडा पुन्हा चढलाय," डॉक्टरीणबाई रिपोर्टवर पेन आपटत म्हणाल्या. "दोनदा गोळी वाढवली. एव्हाना तुमचं थायरॉइड सुतासारखं सरळ व्हायला हवं होतं. गोळी रिकाम्या पोटी घेता ना?"

तिने पर्समधून वही काढली. या प्रश्नाची ती सहा महिने वाट बघत होती.

"रोज सहा वाजून पाच मिनिटांनी. साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर तोंडात काही नाही."

"चहा?"

"सात दहाला."

"कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या?"

"दुपारी जेवणानंतर. मध्ये चार तास सोडते."

"पित्तासाठी काही?"

"छे! गोळी विरघळायला पोटात आम्ल लागतं, वाचलंय मी. म्हणून जळजळलं तरी सोसते."

"आमच्याकडे घड्याळ हिच्यावरून लावतात, डॉक्टर," नवरा कौतुकाने म्हणाला. त्याच्या मांडीवर त्यांची दोन वर्षांची मुलगी टेबलावरचा पेपरवेट चाटत बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. "मग एकच शक्यता उरते. तुमच्या पोटात आम्लच कमी तयार होत असेल. गोळी पोटात जाते, पण अंगी लागत नाही. नळी घालून आतून बघावं लागेल." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

"नळी? कुठून?"

"तोंडातून."

तिने मुलीकडे पाहिलं. त्या एका नजरेत तिला ऑपरेशनचं टेबल दिसलं, मुलीची सावत्र आई दिसली, आणि ती सावत्र आई भर थंडीत मुलीला कानटोपी न घालता बाहेर नेतानाही दिसली.

"लगेच करायलाच हवं का?" तिने विचारलं.

"गोळीच्या वेळा लिहून देते सोबत, तिथले डॉक्टर विचारतील." डॉक्टरीणबाईंनी वही ओढून घेतली आणि उघडली. ती नेमकी मागच्या बाजूने उघडली. "हे काय?"

"ते मुलीचं. पुढून माझं, मागून तिचं."

"सव्वासहा, दूध, पूर्ण संपलं." डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. "सहा वीस, दूध, पूर्ण संपलं. साडेसहा, केळं, पूर्ण संपलं." आणखी चार पानं उलटली. "कमाल आहे! एक दिवसही थेंब उरला नाही? माझ्या पोरांनी हे सुख मला जन्मात दिलं नाही."

एवढ्या धास्तीतही तिचा चेहरा उजळला. "आमच्याकडे कप कधी भरलेला परत जात नाही."

"कुठलं काय!" नवरा हसला. "मी समोरच दाढी करत असतो. दोन घोट घेते आणि पळते. मुलांचे डॉक्टरसुद्धा चक्रावलेत. एवढं दूध पोटात जातं, मग वजन का वाढत नाही म्हणतात."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"दोन घोट ही घेते. मग संपवतं कोण?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. पेपरवेट चाटणं सोडून मुलीनेही पाहिलं.

"काय झालं?" ती म्हणाली. "टाकून द्यायचं का मग?"

"म्हणजे तुम्ही पिता."

"नाही हो! मी दूध घेतच नाही, मला वासही सहन होत नाही. ते तिचं असतं. मी आपली कप धुवायच्या आधी..." ती थांबली.

"आणि केळं?"

"शेवटचा घास फक्त."

"बिस्किट?"

"ती काय बिस्किटं असतात? भिजलेले तुकडे नुसते."

"सहा पाचला गोळी आणि सव्वासहाला कपभर दूध!" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "गोळीची आणि तुमच्या रक्ताची गाठ पडणार कशी? आणि मी बसलेय तुमच्या पोटातलं आम्ल शोधत." त्यांनी चिठ्ठी टराटरा फाडली. "नळी नको, काही नको. सकाळी तासभर उष्टं बंद. दीड महिन्याने रक्त तपासू."

"उरलेल्याचं काय करायचं?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही प्या."

"मी? त्यात साय असते हो, डॉक्टर."

"तू गप्प बस जरा," ती म्हणाली.

नळी टळली होती. तिने सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण ती वही जवळ घेऊन मागून पानं उलटत होती. प्रत्येक 'पूर्ण'वर तिचं बोट थांबत होतं.

"म्हणजे सहा महिने ही रोज सकाळी..."

"दोन घोट," नवऱ्याने आठवण करून दिली.

"माझं जाऊ द्या, डॉक्टर! माझी पोर उपाशी आहे!"

तिने मुलीला उचललं आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर नेऊन उभं केलं. मुलगी काही स्थिर राहीना. कधी एका पायावर उभी, कधी खाली बसून काच ठोकतेय. तिने वाकून मुलीला खांद्यांना घट्ट धरलं आणि श्वास रोखून आकड्याकडे पाहिलं.

"चौदा! चौदा किलो!" तिचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं. "बघा, लागलंय की हो तिच्या अंगी! उगीच घाबरवता तुम्ही लोक."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि टेबलावरून वाकून खाली बघू लागल्या.

"छान," त्या म्हणाल्या. "आता काट्यावरचा तुमचा पाय काढा."